वेगळी कोठडी मागावी की मागू नये?

गिरणाकाठ
मंडळी, एरवी मी वाचनमात्र. आज लिहितोय कारण घरात यावरून रोज वाद होतायत आणि कोणाचं ऐकावं कळत नाही.

माझा आत्येभाऊ, वय २६, खुनाच्या केसमध्ये आत आहे. तालुका आणि जेल सांगत नाही. वाळूच्या डंपरवर ड्रायव्हर होता. रात्री नदीपात्रात मारामारी झाली, एक जण गेला, डंपर याच्या ताब्यात. पुढे त्याने कोर्टात सगळं खरं सांगितलं आणि माफीचा साक्षीदार झाला. बाकीचे चौघे त्याच जेलात आहेत. पहिल्या आठवड्यातच बराकीत निरोप आला, "तुझी साक्ष होणार नाही." कोणी दिला, कसा दिला, काही पत्ता नाही.

म्हणून आम्हीच अर्ज केला की जिवाला धोका आहे, याला वेगळं ठेवा. ठेवलं. आत्याने मारुतीला नारळ फोडला. आज त्याला सत्तर दिवस झाले. परवाच्या मुलाकातीला म्हणतो, "दादा, मला परत बराकीत टाकायला सांग. मारलं तर मारलं." हसून म्हणाला, त्याचीच जास्त भीती वाटली.

आत्या म्हणते कोठडीतून हलवायचं नाही. मामा म्हणतात पोरगं वेडं होईल. तुमच्यापैकी कोणाला आतलं माहीत असेल तर सांगा.

केळीबाग_रावेर
बराकीत टाकायला अजिबात सांगू नका भो. एकटा राहील पण जिता राहील.

भरीत_पार्टी
वाचतोय. (एरवी आपल्या खान्देशी फौजदारी डाळीवर जोक मारला असता, आज नको.)

ॲडव्होकेट_अप्पा
गिरणाकाठ, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरच्यांना ती बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. माफी मिळाली म्हणजे सुटका झाली असं नसतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३४३. त्यात लिहिलंय की माफी स्वीकारणारा आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची ते जामिनावर बाहेर फिरतील, आणि हा आत. असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

यामागचं कारण सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या सुरेशचंद्र बहरी निकालात सांगितलंय. हे त्याला शिक्षा म्हणून नाही, जुन्या साथीदारांच्या रागापासून वाचवायला आहे. शिवाय त्याला जुन्या मैत्रीचा पाझर फुटून साक्ष फिरवायचा मोह होऊ नये, हाही हेतू. गंमत अशी की वाचवायला ज्या जागेत ठेवायचं, त्याच जागेत ते साथीदारही असतात. काही हायकोर्टांनी आपले खास अधिकार वापरून अशांना जामीन दिलेला आहे, विशेषतः साक्ष होऊन गेल्यावर. त्या दिशेने वकिलाशी बोला. वेगळी कोठडी हा त्याच्या अलीकडचा प्रश्न.

पांझराकाठ
माफ करा पण कोणीतरी बोललं पाहिजे. त्या रात्री जो मेला त्याच्या घरी कोणी विचारायला गेलं का, की बाबांनो तुम्हाला एकटं वाटतं का? वाळू उपसणाऱ्यांनी तलाठ्यापासून कोतवालापर्यंत कोणाला सोडलं नाही. आणि आपण चर्चा करतोय की डंपर चालवणाऱ्याला करमत नाही. जेल आहे, सासुरवाडी नाही.

गिरणाकाठ
पांझराकाठ, तुमचा राग मला समजतो. त्या घरचा माणूस आमच्या पाहुण्यांच्या गावचा आहे, म्हणून लिहितानाही हात जड होतो. करमत नाही ही तक्रारच नाहीये. तो जिवंत साक्षीपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न आहे.

निवृत्त_टॉवर
२८ वर्षं कारागृह शिपाई आणि मग हवालदार. तीन जिल्हे झाले, दोन सेंट्रल झाली. नोकरीतल्या जागांची नावं घेणार नाही.

जिल्हा जेलात 'वेगळं ठेवणं' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. वेगळी इमारत बिमारत काही नसते. गेटातून आत आलं की बराकी, आणि एका कडेला चार-सहा कोठड्या. मारामारी केली म्हणून शिक्षा लागलेला तिथे. रात्री ओरडतो, भिंतीवर डोकं आपटतो असा तिथे. टीबीचा संशय असलेला तिथे. आणि जिवाला धोका असलेलाही तिथेच. कुलूप एकच, किल्ली एकच, आणि ड्यूटीवरच्या पोऱ्याच्या मनातही एकच, की कोठडीतला म्हणजे डोक्याला ताप. कागदावर कारण 'संरक्षण' लिहिलंय की 'शिक्षा' हे बारा तास ड्यूटी केलेल्याला आठवत नाही.

मग वेळ. बराकी सकाळी उघडतात, दुपारी बंद, तीनच्या सुमारास परत उघडतात, संध्याकाळी गिनती करून बंद. याचं उलटं. सगळे आत गेले की याला बाहेर काढायचं, म्हणजे कोणाशी गाठ पडणार नाही. म्हणजे भर दुपारी. मे महिन्यात दुपारी एक वाजता अंगणात फिरणं काय असतं ते भुसावळच्या माणसाला सांगायला नको. पोरं दोन दिवसांत म्हणतात, साहेब नका काढू. आणि रजिस्टरला लागतं, 'बंद्याने फिरण्यास नकार दिला'.

आता धोक्याचं. कोठडीत भत्ता (जेवणाला आत भत्ताच म्हणतात) कोण आणून देतो? शिपाई नाही, बंदीच, म्हणजे दुसरा कैदी. दाढी कोण करतो? बंदीच. झाडू कोण मारतो? तोच. भिंत कितीही जाड बांधा, डाळीची वाटी कोणाच्या तरी हातातूनच येणार. आणि तारखेचा दिवस! आत सहा महिने एकमेकांचं तोंड न पाहिलेले लोक मी कैदी पार्टीच्या (कोर्टात ने-आण करणाऱ्या पोलिसांच्या) एकाच गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेले पाहिलेत. गाडी एक, पोलीस चार, कोर्ट एक. वेगळं ठेवण्याचा हुकूम जेलच्या गेटापर्यंतच चालतो. गेटाबाहेर तो कोणाला माहीतही नसतो.

घाबरवायला नाही लिहिलं. आत्याबाईंना वाटतंय कोठडी म्हणजे तिजोरी, तसं नसतं.

केळीबाग_रावेर
बाप रे. गाडीचं डोक्यातच आलं नव्हतं.

तापीकर
टॉवर काकांना दुजोरा. मोठ्या जेलांतही तेच. येरवड्याच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक पहाऱ्याच्या कोठडीत, २०१२ च्या जूनमध्ये कातिल सिद्दीकी नावाच्या कच्च्या कैद्याचा खून झाला. बाहेरून कोणी येऊन नाही केला. दिल्लीत तिहारमध्ये मे २०२३ ला टिल्लू ताजपुरिया या गँगस्टरला मारलं. तोही हाय रिस्क वॉर्डात होता. मारणारे वरच्या मजल्यावरचे, गज कापला आणि चादरींना धरून खाली उतरले. कॅमेऱ्यात सगळं दिसलं. कॅमेऱ्याने दाखवलं, अडवलं नाही.

आणि लांब कशाला जायचं? जुलै २०२० मध्ये जळगावच्या जेलातून रक्षकाला पिस्तूल दाखवून तिघे पळाले. पिस्तूल जिथे पोहोचू शकतं तिथे निरोप पोहोचणं काय अवघड आहे.

भरीत_पार्टी
त्या तिघांतला एक बडतर्फ पोलीस होता ना? म्हणजे ज्याला कायद्याने बराकीत बाकीच्यांपासून सांभाळायचं, तोच.

तापीकर
हो. तोही एक वेगळा धागा होईल. पोलीस आत गेला की पहिला अर्ज हाच, मला वेगळं ठेवा.

डॉ_दीपनगर
वैद्यकीय बाजू. सत्तर दिवस हा आकडा वाचून दचकले. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांच्या वागणुकीचे नियम आहेत, २०१५ ला मंडेलांच्या नावाने मंजूर झाले. त्यात व्याख्या आहे: दिवसातले २२ तास किंवा जास्त, खऱ्या मानवी संपर्काशिवाय, म्हणजे एकांत कोठडी. सलग १५ दिवसांच्या वर ती 'प्रदीर्घ', आणि प्रदीर्घ चालत नाही. त्या नियमांना कारण विचारत बसायचं नसतं. भल्यासाठी ठेवलं काय आणि वाईटासाठी ठेवलं काय, मेंदूला फरक कळत नाही. झोप उलटी होते, आवाज मोठे वाटतात, वेळेचा अंदाज जातो, माणूस स्वतःशी बोलतो, मग बोलणंही बंद. 'मारलं तर मारलं' हे हसून म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. कृपा करून मानसिक तपासणीची मागणी लेखी करा. तोंडी नको.

मानवी संपर्क म्हणजे ताट सरकवणारा हात नव्हे, हेही लक्षात घ्या.

ॲडव्होकेट_अप्पा
डॉक्टरांच्या मुद्द्याला आपल्याच जुन्या कायद्याची जोड देतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचं कलम २९. इंग्रजाने लिहिलेला कायदा, पण त्यात असं आहे की चोवीस तासांहून जास्त कोठडीत ठेवलेल्या बंद्याला, शिक्षा म्हणून असो वा अन्य कारणाने, वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्याने रोज एकदा भेटलं पाहिजे. 'अन्य कारणाने' हे दोन शब्द तुमच्या भावाचे आहेत. सत्तर दिवसांच्या सत्तर नोंदी असायला हव्यात. मागा.

आणि आता खरी विसंगती बघा. त्याच कायद्यात कोठडीबंदीची शिक्षा एका वेळी १४ दिवसांच्या वर देता येत नाही. न्यायालयाने दिलेल्या एकांतवासालाही मर्यादा आहे, एकूण तीन महिने, आणि एका दमात १४ दिवस. भारतीय न्याय संहितेतही ते तसंच उतरलंय. म्हणजे ज्याने आत कोणाचं डोकं फोडलं त्याला पंधराव्या दिवशी बाहेर काढावं लागतं. ज्याचं डोकं फुटू नये म्हणून ठेवलं, त्याची मुदत कोणी लिहिलेली नाही. शिक्षेला तारीख असते, संरक्षणाला नसते.

पांझराकाठ
हे मात्र माहीत नव्हतं. तरी म्हणतो, सगळा कायदा आरोपीच्याच बाजूने का उभा राहतो?

ॲडव्होकेट_अप्पा
पांझराकाठ, उलट बाजूने बघा. हा पोरगा साक्षीच्या आधी मेला किंवा डोक्याने गेला, तर सुटणार कोण? त्या रात्री मारणारे चौघे. मेलेल्याच्या घरच्यांचा सगळ्यात मोठा पुरावा आज त्या कोठडीत बसलाय. दुपारी एकला उन्हात फिरायला नको म्हणतोय.

पांझराकाठ
ठीक आहे. हे पटलं. (पूर्ण नाही.)

सातपुडा_मास्तर
मी धडगाव भागात शिक्षक. थोडं वेगळं सांगतो. 'दुर्बल बंदी' म्हटलं की आपण साक्षीदार, पोलीस, गँगवाले धरतो. आमच्या पाड्यावरचा एक म्हातारा दारूच्या भांडणात आत गेला होता. त्याला पावरी (पावरा आदिवासींची बोली) सोडून काही येत नव्हतं. तीस-चाळीस माणसांच्या बराकीत होता, पण चार महिन्यांत त्याच्याशी बोललं कोणी नाही. मुलाकातीला यायला घरच्यांना दोन गाड्या बदलाव्या लागत आणि एक दिवसाची मजुरी बुडे, म्हणून कोणी आलंच नाही. त्याला वेगळं ठेवलंच नव्हतं, तरी तो वेगळाच होता. सुटला तेव्हा गेटवरच्या शिपायाला वाटलं मुका आहे.

आणि पारध्यांच्या पोरांचं उलट. त्यांना 'सराईत' म्हणून आधीच बाजूला काढायचे. ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला की जात बघून जेलात काम वाटायचं नाही आणि विमुक्त जमातीतल्याला जन्माने सराईत धरायचं नाही. पेपरात एक दिवस आलं. बराकीत किती दिवसांनी पोहोचेल ते टॉवर काका सांगतील.

निवृत्त_टॉवर
मास्तर, मी निवृत्त आहे म्हणून खरं बोलतो. परिपत्रक पहिल्यांदा नोटीस बोर्डावर लागतं. मग त्याच्यावर ड्यूटी चार्ट लागतो.

भरीत_पार्टी
😂 आता मात्र हसलो काका.

अहिराणी_बाण
मना मामा आठ महिना मधमा (जेलमा) व्हता. तो सांगे, तठे कुलूपनी भ्या नही वाटे, रातले बोलाले कोनी नही त्यानी वाटे. बाकी तुम्ही शिकेल लोके सांगा.

खान्देशकन्या
बायकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी विधी सेवा प्राधिकरणाकडून पॅरालीगल स्वयंसेविका म्हणून दोन वर्षं जेलला जात होते. छोट्या जेलात महिलांची एकच बराक. तिथे दहा बायका आणि त्यात एकाच केसमधल्या सासू, नणंद आणि जाऊ. आता जाऊ साक्षीदार झाली तर तिला वेगळं कुठे ठेवणार? तर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतात. मग तिचं तान्हं पोर तिच्याबरोबर लांब, मोठं पोर गावी आजीकडे, वकील तिसरीकडे आणि मुलाकात बंद. कागदावर ती सुरक्षित.

आणि धोका नेहमी बंद्यांकडूनच असतो हे कोणी ठरवलं? २०१७ ला भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्येचा मृत्यू झाला. आरोप जेलच्या कर्मचाऱ्यांवरच आहेत. अशा वेळी 'वेगळं ठेवा' असा अर्ज आपण नक्की कोणाकडे करतो? वेगळं ठेवलं म्हणजे साक्षीदारही कमी झाले ना. मंजुळाच्या वेळी बराकीतल्या बायकांनी बघितलं, आरडाओरडा केला, म्हणून बाहेर कळलं. ती एकट्या कोठडीत असती तर?

तृतीयपंथी बंद्यांबद्दल केंद्राच्या गृहखात्याने जानेवारी २०२२ ला सूचना काढल्या. त्यात एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: त्यांच्यासाठी वेगळी जागा करा, पण ती करताना त्यांना पूर्ण एकटं पाडू नका. एवढं एकच वाक्य सगळ्या वेगळ्या कोठड्यांना लावलं तरी पुरे.

केळीबाग_रावेर
मी पहिल्यांदा "एकटा राहील पण जिता राहील" लिहिलं होतं. ते मागे घेतो. पण बराकीत टाका असंही म्हणवत नाही.

आजोबा_अमळनेर
अवांतर होईल, पण जेलचा विषय निघाला की आम्हा अमळनेरकरांना राहवत नाही. १९३२ साली धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि आमचे साने गुरुजी ते भराभर उतरून घेत. जेल म्हणजे विद्यापीठ होतं त्या काळी.

भरीत_पार्टी
आजोबा, तेव्हा ऐकायला माणसं होती म्हणून. गुरुजींना वेगळ्या कोठडीत ठेवलं असतं तर आज काय वाचलं असतं?

आजोबा_अमळनेर
बाळा, हे बाकी खरं बोललास.

तापीकर
अवांतर वाटलं पण विषयालाच धरून निघालं. मूळ प्रश्नाकडे येऊ. गिरणाकाठ यांनी उद्या नक्की काय करायचं?

ॲडव्होकेट_अप्पा
माझ्या मते 'कोठडी की बराक' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय. जेल प्रशासनाला तो सोयीचा आहे, कारण दोन्ही जागा त्यांच्याकडे तयार आहेत. अर्ज ज्या सत्र न्यायालयात खटला आहे तिथे करा, नुसता अधीक्षकांना नको. सुप्रीम कोर्टाच्या सुनील बत्रा प्रकरणातल्या दुसऱ्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगून ठेवलंय की एकांत किंवा शिक्षेची कोठडी सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय नको, आणि तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. ते प्रकरण सुरू कसं झालं माहितीय? आत असलेल्या बत्राने दुसऱ्याच एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र पाठवलं होतं. त्या पत्रालाच याचिका मानलं. तेव्हा साधा कागदही कमी समजू नका.

अर्जात हे मागा: चौघांपासून वेगळं, सगळ्यांपासून नाही. ज्यांचा या केसशी संबंध नाही असे एक-दोन बंदी सोबतीला. फिरायची वेळ सकाळी. तारखेला स्वतंत्र गाडी, नाहीतर व्हिडिओवरून हजेरी. आणि दर पंधरा दिवसांनी न्यायालयापुढे आढावा. शिवाय २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. त्यात धोक्याचं मूल्यमापन करून अ, ब, क असे वर्ग पाडतात. कुटुंबालाही धोका असेल तर तेही लिहा. आणि साक्ष लवकर घ्या म्हणून वेगळा अर्ज. सगळ्यात मोठं संरक्षण तेच आहे. एकदा साक्ष झाली की त्याला मारून मिळणारा फायदा कमी होतो.

निवृत्त_टॉवर
अप्पांच्या यादीत माझी एक भर. भत्ता देणारा बदलता ठेवू नका म्हणा. रोज नवा माणूस येण्यापेक्षा एकच ठरलेला, म्हणजे काही झालं तर विचारायला नाव असतं. आणि मुलाकातीला जाताना दर वेळी वेगळं माणूस पाठवू नका. एकाच माणसाला रोजच्या चेहऱ्यातला बदल कळतो.

डॉ_दीपनगर
आणि त्याला घड्याळ चालत नसेल तर निदान कॅलेंडर मागा. हसू नका. वार कळणं ही मोठी गोष्ट असते.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून मामांना आणि आत्याला वाचून दाखवली. आत्या बायकांच्या बराकीचं वाचून गप्प झाली. अप्पांनी सांगितलं तसं वकिलाकरवी अर्ज टाकतोय. पुढे कळवतो.

*(तीन आठवड्यांनी)*

गिरणाकाठ
धागा वर काढतोय. न्यायाधीशांनी जेलकडून अहवाल मागवला. डॉक्टरांच्या सत्तर नोंदी निघाल्या नाहीत, अकरा निघाल्या. साक्षीची तारीख अजून नाही. गाडी वेगळी नाही, पण व्हिडिओ हजेरी मंजूर झाली. फिरायला आता सकाळी सातला काढतात.

आणि त्याच्या कोठडीत एक म्हातारा दिलाय. साठीचा असेल, शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात आलेला. भाऊ म्हणाला, "रात्रभर घोरतो रे दादा, झोपू देत नाही." आणि मग म्हणाला, "घोरू दे." आत्याला तेवढंच सांगितलं.

केळीबाग_रावेर
वाचून बरं वाटलं भो.

खान्देशकन्या
अकरा नोंदी अर्जाला जोडून ठेवा. पुढे लागतील.

निवृत्त_टॉवर
चांगलं झालं. तो म्हातारा कोणत्या गावचा, आणि त्याला मुलाकातीला कोण येतं, तेवढं बघून ठेवा.